फ्यूजन मोजून वाजवलं की जीव जातो?

बेसवाला: जॅझमध्ये रॉक किंवा भारतीय संगीत मिसळणाऱ्या, बिनगाण्याच्या फ्यूजनबद्दल काल इथे एकाने ठोकून दिलं, "इन्स्ट्रुमेंटल फ्यूजन म्हणजे गणिताचा पेपर. वाजवणारे मात्रा मोजतात, ऐकणारे जांभया देतात." दोन ओळींत उत्तर होत नाही म्हणून वेगळा धागा. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा १९७१चा पहिला अल्बम काढा. विषम मात्रांचे ठेके, गिटार आणि व्हायोलिन एकाच सुरावटीवर सुसाट, खाली ड्रम्सवर बिली कॉबम तुटून पडलेला. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे पाचही जणांच्या अंगात मुरलंय, म्हणूनच मॅक्लॉफ्लिन इतका मोकाट सुटू शकतो.

निषाद: वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मागून आलेल्यांनी मॅक्लॉफ्लिनच्या मात्रा तेवढ्या उचलल्या. उलट जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस बघा. ऑगस्ट १९६९, तीन दिवस, हातात जुजबी आराखडे, आणि 'बिचेस ब्रू' हा अल्बम उभा राहिला. कुठे होती शिस्त?

सातमात्रा: कात्रीत! निर्माता टिओ मॅसेरोने नंतर टेप कापून, जोडून, काही तुकडे पुन्हापुन्हा लावून ते रचलं.

निषाद: कापायला आधी जिवंत काहीतरी लागतं.

क्लिकवैरी: कात्रीचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. मॅसेरोने निदान वादन तसंच ठेवलं. हल्ली एकेक ठोका कॉम्प्युटरवरच्या ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेषांवर, सरकवतात. आमच्या रेकॉर्डिंगला इंजिनिअरने न विचारता ड्रम्स सरळ करून टाकले. आमच्या ड्रमरचा स्नेअर ड्रमवरचा ठोका कणभर मागे पडायचा, बेस त्यावर रेलायचा. फाइल परत आली तेव्हा दोघं एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वाजत होते. वर ऐकवलं, "आता प्रोफेशनल वाटतंय."

सातमात्रा: ग्रिड नको, कानात क्लिकची टिकटिक नको, असं असेल तर आधी लय पक्की करा.

क्लिकवैरी: आमची लय न ऐकताच? हा उद्धटपणा झाला. लय पक्की होती म्हणूनच तो नेमका तेवढाच मागे राहायचा, दर वेळी.

बेसवाला: भांडू नका. क्लिकवैरी, तुम्ही सांगताय तीच तर शिस्त! ग्रिडचा राग तिच्यावर का काढता? मॅक्लॉफ्लिनचाच भारतीय वादकांबरोबरचा बँड 'शक्ती' ऐका. तबल्यावर झाकिर हुसेन आणि घटमवर विनायकराम हिशेबात तसूभर चुकत नाहीत, आणि तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तोच तुकडा, समेवर आली की अंगावर काटा येतो.

निषाद: 'शक्ती'पुरतं मान्य, नाइलाजाने. ती माणसं लहानपणापासून ताल जगली, त्यांना मोजावं लागत नाही. बाकीच्यांच्या वादनात मला अजून आकडेच ऐकू येतात.