एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा) स्लज (गाळ) डायजेस्टरमध्ये (गॅस तयार होणाऱ्या हवाबंद टाकीत) टाकायच्या आधी गरम करावा का? गॅस फारच कमी येतोय

खाडीकाठ_ऑपरेटर
नमस्कार मंडळी, मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीला लागून असलेल्या एका छोट्या एसटीपीवर ऑपरेटर आहे. एक्स्टेंडेड एरेशनचा (सांडपाण्याला बराच काळ हवा देणारा) प्लांट, प्रायमरी क्लॅरिफायर (सुरुवातीला गाळ बसवणारी टाकी) नाही. दिवसाला साधारण ८ घनमीटर स्लज काढतो तो सगळा डायजेस्टरला जातो, २० दिवस राहतो, पण गॅस इतका कमी की बर्नर धड पेटत नाही. शेजारच्या गावात ४ म्हशींच्या गोबर गॅसवर दोन वेळचा स्वयंपाक होतो आणि आमचं हे असं, खरंच जीवाला लागतं. आता एकजण अल्ट्रासाऊंडचं मशीन घ्या म्हणून मागे लागलाय, दुसरा म्हणतो स्लज ७० डिग्रीला गरम करा, व्हिडिओत बघितलं तर बाहेरदेशी १६५ डिग्रीला शिजवतात. साहेबांना काय सांगू? आणि उधाणाच्या दिवसांत कुजक्या अंड्यांचा वास का वाढतो तेही कोणी सांगा.

सांडपाणी_इंजिनियर
दादा, तुमचा सेकंडरी स्लज (हवा दिलेल्या टाकीतून निघणारा) म्हणजे बहुतेक जिवाणूच, त्यांची पेशीभिंत आणि भोवतीचा चिकट थर फुटला तरच आतलं अन्न बाहेर येतं, आणि ही फोडण्याची पायरीच सगळ्यात हळू चालते. उष्णता, अल्ट्रासाऊंड, कॉस्टिक सोडा, सगळ्यांचं काम एकच, भिंत आधीच फोडून ठेवणं. पण तुमच्या प्लांटमध्ये हवेखाली स्लज इतके दिवस राहतो की खाण्यासारखं बरंचसं तिथेच संपतं, म्हणजे डायजेस्टरला मुळात चोथाच जातो. ताज्या शेणाशी तुलना करून जीव जाळू नका.
तो १६५ डिग्रीवाला प्रकार म्हणजे थर्मल हायड्रोलिसिस, पहिला मोठा प्लांट नॉर्वेत हामारला १९९५ ला झाला. अर्धा तास, ६ बारच्या आसपास दाब. पण ते लोक स्लज आधी पिळून १६-१७ टक्के घट्ट करतात, हे व्हिडिओत सांगत नाहीत. तुमच्या स्लजमध्ये घन पदार्थ किती टक्के आहेत?

खाडीकाठ_ऑपरेटर
लॅबवाल्याने १ टक्का सांगितला. थिकनर (स्लज घट्ट करणारं यंत्र) आहे पण बंद पडलाय.

सांडपाणी_इंजिनियर
मग उत्तर तिथेच आहे बघा. १ घनमीटर स्लज २८ वरून ७० डिग्रीला न्यायला साधारण १७५ मेगाज्यूल लागतात. १ टक्क्याच्या स्लजमध्ये घन पदार्थ १० किलो, त्यात सेंद्रिय साडेसहा, त्यातला तिसरा हिस्सा पचला तर दोनेक घनमीटर गॅस, म्हणजे ४५ मेगाज्यूलच्या आत. तुम्ही पाणीच तापवणार! ४ टक्क्यांवर नेलं तर जेमतेम बरोबरी होते, तीही सगळा गॅस जाळून, म्हणून तेव्हासुद्धा उष्णता डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) वाया जाणाऱ्या धुरातून किंवा सोलर हीटरमधून मिळत असेल तरच बोला.
पण थिकनर चालू करून थोडी पॉली (गाळाचे कण एकत्र आणणारं पॉलिमर) टाकलीत तर ८ चे २ घनमीटर होतील आणि त्याच टाकीत २० ऐवजी ८० दिवस मिळतील, मशीन न घेताच. अल्ट्रासाऊंडलाही हाच नियम, पातळ स्लजवर वीज फुकट जाते.

मालवणी_दर्यावर्दी
घाई करू नको रे बाबा. आम्ही कॉस्टिक टाकून बघितलं होतं, पीएच १२ पर्यंत चढवला आणि न्यूट्रल न करता तसाच आत सोडला, महिनाभर गॅस बंद. मिथेन (जळणारा गॅस) करणाऱ्या जिवाणूंना पीएच ७ च्या आसपासच लागतो, वर सोडियम जास्त झालं की ते दबतात, आणि तुझ्याकडे खाडीचं मीठ आधीच असणार.
वासाचं पण तेच. उधाणाला मॅनहोलात समुद्राचं पाणी शिरतं, त्यात लिटरमागे अडीच ग्रॅमच्या वर सल्फेट. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. फेरिक क्लोराइडने वास बसतो पण खरा इलाज म्हणजे ते मॅनहोल सील करणं. आणि झाकण उघडून आत वाकू नकोस, जास्त झाला की तो वास नाकाला कळतच नाही, माणूस तिथेच पडतो.

सांडपाणी_इंजिनियर
अगदी बरोबर. मशीनवाल्याला पैसे द्यायच्या आधी तीन बाटल्यांची टेस्ट करा, एकीत नुसतं डायजेस्टरचं विरजण (आतला जिवंत जिवाणूंचा गाळ), दुसरीत विरजण आणि साधा घट्ट स्लज, तिसरीत विरजण आणि मशीनमधून काढलेला तोच स्लज. गॅस कॉस्टिकच्या पाण्यातून नेऊन मोजा म्हणजे कार्बन डायऑक्साइड गळून मिथेनच उरेल. बूच घट्ट लावा म्हणजे गॅस फक्त नळीतून जाईल, पण नळी मोकळी ठेवा, ती बंद केली तर बाटली फुटेल. आपल्या हवेत हीटर लागत नाही, महिनाभर रोज आकडा लिहा. पहिलीचा गॅस दोन्हींतून वजा करा आणि मग बघा तिसरी दुसरीपेक्षा किती पुढे जाते ते.

खाडीकाठ_ऑपरेटर
मनापासून आभार दोघांचे. थिकनरची मोटर सोमवारी उतरवतोय, विरजण आमच्याच डायजेस्टरचं घेतो. खाडीकडच्या ३ मॅनहोलांचे फोटो काढलेत, साहेबांना आधी तेच दाखवतो. बाटल्यांचे आकडे इथेच टाकत जाईन.