मदत हवी आहे : कोरियातून आलेली आजोबांची पत्रं

नमस्कार मंडळी. मी होनोलुलूला राहते. इथल्या हवाई विद्यापीठात 1972 पासून कोरियन अभ्यास केंद्र आहे. इमारत सेऊलच्या ग्यॉङ्बोकगुङ राजवाड्यातल्या दरबारमहालाच्या धर्तीवर बांधलेली. हिरव्या-लाल नक्षीच्या तुळयांखाली उभं राहिलं की मान खाली येत नाही! तिथली व्याख्यानं सगळ्यांना खुली असतात, मी जमेल तेव्हा जाते.

मागच्या खेपेला विषय निघाला कोरियन युद्धातल्या युद्धकैद्यांचा. 1953 मध्ये मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी भारतीय तुकडीच्या ताब्यात होते. तुकडीचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवायला तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची मनाई, म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं छावणीत नेलं. माझे आजोबा त्यांतलेच. तिथून आजीला धाडलेली सात पत्रं माझ्याकडे आहेत. हे सांगितल्यावर तिथल्या संशोधक बाईंनी ती बघायला मागितली.

अडचण अशी की निम्मा मजकूर मोडीत आहे, शाई उडालीय. "थंडीनं बोटं वळत नाहीत" एवढी एक ओळ मला लागली, आणि रडूच आलं.

मोडी नीट वाचणारं कुणी आहे का? फोटो पाठवते. आणि कुणाच्या घरी त्या तुकडीतली पत्रं, फोटो, डायऱ्या असतील तर कृपया कळवा. ही माणसं बहुतेक गेली, कागद तरी राहायला हवेत.