नवी गाडी, पण बिघाड तोच पुन्हा पुन्हा : अनुभव लिहा

नवी कोरी गाडी आणि एकाच तक्रारीसाठी वर्कशॉपच्या फेऱ्या, हे ज्यांनी सोसलंय त्यांनी इथे लिहावं. अमेरिकेसारखा सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा भारतात नाही, आधार 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याचाच. म्हणून कोणते कागद कामी आले ते आवर्जून सांगा.

*

माझी ऑटोमॅटिक गाडी चढावर गिअर बदलताना झटका द्यायची. वर्कशॉपमधून दरवेळी 'चेक केली, ओके आहे' असं उत्तर, आणि जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-कामाच्या नोंदीवर, फक्त 'जनरल चेकअप'. म्हणजे कागदोपत्री माझी तक्रारच नाही! मग मी सही करण्याआधी पूर्ण वाक्य लिहून घ्यायला लागले : 'इंजिन गरम झाल्यावर, चढावर, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका.' मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर गाडी चालवून दाखवली. स्कॅनरवर आलेला एरर कोडही कार्डवर लिहायला लावला. तेच वाक्य एकापाठोपाठ एक कार्डांवर दिसायला लागल्यावर कंपनीचा इंजिनियर आला आणि गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वॉरंटीत बदललं गेलं. त्यानंतर झटका नाही.

*

मी जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलो. गाडी रात्रभर उभी राहिली की बॅटरी उतरायची. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार केलं, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. डीलरच्या गावी जावं लागत नाही, याचा मोठा आधार वाटला.

कंपनीचा बचाव ठरलेला होता : वॉरंटीत सदोष भाग बदलून मिळतो, गाडी नाही. तसं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2006चा निकालही त्यांनी पुढे केला. उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तो सुरुवातीलाच मागा. मला गाडी बदलून मिळाली नाही. पूर्ण वायरिंग बदलून मिळालं आणि वर नुकसानभरपाई. मनस्ताप पाहता ती कमीच होती, पण दोष आमच्या वापरात नव्हता हे लेखी आलं, त्याची किंमत मला जास्त आहे.

*

आयोगात तक्रार करण्याच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'पुढच्या अपडेटमध्ये जाईल' असं सांगत वर्कशॉप सहज महिने काढतं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे कंपनीचं लेखी उत्तर आलं.

*

ब्रेक किंवा स्टिअरिंगचा बिघाड असेल तर कृपया गाडी चालवत राहू नका. वर्कशॉपमध्येच सोडा आणि तसं ईमेलवर कळवा. परत घेताना 'काम समाधानकारक' या ओळीखाली डोळे झाकून सही नको. आमच्याकडे ब्रेक एका बाजूला ओढत होता, तरी सहीसाठी घाई चालली होती. माझ्या वडिलांनी तिथेच लिहिलं : 'तक्रार कायम आहे.' गाडी परत आत गेली.