'डाउनलोड करा' की 'उघडा'? ऑनलाइन अर्जासोबतच्या फायलींचे शब्द

प्रश्न : ऑनलाइन अर्जाच्या पानावर लोकांना उतरवून घेता येतील अशा काही फायली द्यायच्या आहेत. 'होस्ट करणे' याला मराठीत काय म्हणावे? 'यजमानत्व' कानाला खटकते. बटणावर 'डाउनलोड' लिहावे की 'उतरवून घ्या'?

प्रतिसाद : 'होस्ट करणे' म्हणजे 'ठेवणे', बस्स. 'फाइल सर्व्हरवर (म्हणजे संकेतस्थळ जिथून चालते त्या संगणकावर) ठेवली आहे' हे कोणालाही कळते. 'चढवणे' म्हणजे अपलोड, आणि ती क्रिया एकदाच घडते. 'ठेवणे' यात मात्र फाइल पुढेही तिथेच सापडेल ही जबाबदारी येते. 'उतरवून घेणे' चांगला शब्द आहे, मजकूर लिहून घेण्यासाठी तो जुनाच आहे. पण बटणावर मी 'डाउनलोड करा' असेच लिहीन. घाईत असलेल्या माणसाला तिथे थांबवू नये.

प्रतिसाद : शब्द ठरवण्याआधी फाइल प्रत्यक्षात काय करते ते पाहा. पीडीएफ बहुतेक ब्राउझरमध्ये तिथल्या तिथे उघडते. माणूस त्यातच माहिती भरतो, टॅब बंद करतो आणि भरलेले सगळे जाते. सर्व्हरने 'कंटेंट-डिस्पोझिशन' या हेडरमध्ये, म्हणजे फाइलसोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनेत, 'अटॅचमेंट' असे कळवले तर ब्राउझर फाइल जतन करतो. 'इनलाइन' असेल तर उघडून दाखवतो. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मांडणीच्या भाषेत, दुव्याला लावायचा 'डाउनलोड' हा गुणधर्म दुवा त्याच संकेतस्थळावरचा असेल तरच चालतो. फाइल दुसऱ्याच्या क्लाउडवर असेल तर त्याचा भरवसा धरू नका. उघडणार असेल तर सरळ 'उघडा' लिहा, आणि शेजारी प्रकार व आकार द्या : 'पीडीएफ, २ एमबी'. मोबाइल डेटा मोजून वापरणाऱ्याला हा आकडा आधी दिसलाच पाहिजे.

प्रश्नकर्ता : आणि 'नमुना'? आमच्याकडे कोरा अर्ज आणि भरून दाखवलेला अर्ज, दोन्हींना तेच नाव आहे.

प्रतिसाद : ते आजच बदला. 'विहित नमुना' म्हणजे कोरा साचा, आणि 'नमुन्यादाखल' म्हणजे उदाहरण. दोन्ही अर्थ रूढ आहेत, म्हणूनच घोळ होतो. 'कोरा अर्ज' आणि 'भरलेल्या अर्जाचे उदाहरण' असे लिहा. 'प्रपत्र' कार्यालयात चालते, बाहेर फारसे नाही.

प्रतिसाद : फाइलच्या नावाबद्दल एक. ते दुव्याच्या पत्त्यात येते. पत्त्यात देवनागरी घातली आणि दुवा कॉपी केला, तर युटीएफ-८ मध्ये (अक्षरे संगणकात साठवण्याची रूढ पद्धत) प्रत्येक चिन्हाचे ३ बाइट आणि त्यांची टक्केचिन्हांसह ९ अक्षरे होतात. 'अर्ज' हा एवढासा शब्द, पण त्यात अ, र, हलन्त आणि ज अशी ४ चिन्हे. म्हणजे ३६ अक्षरे. संदेशात असा दुवा मध्येच तुटू शकतो. पत्ता रोमन लिपीत छोटा ठेवा आणि दिसणारे नाव मराठीत द्या.

प्रश्नकर्ता : अर्ज सुधारला की नवी फाइल चढवून जुनी काढून टाकायची ना?

प्रतिसाद : पत्ता तोच ठेवून आतली फाइल बदला, आणि अर्जावरच 'सुधारित' लिहून तारीख घाला. पत्ता बदलणे भागच असेल तर जुन्यावरून नव्याकडे ३०१ ने ('पत्ता कायमचा बदलला' हे सांगणारा सर्व्हरचा संकेत) वळवा, नाहीतर छापील पत्रकातल्या दुव्यावर लोकांना ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', दिसेल. क्लाउडवरचा मुदतीचा दुवा इथे कामाचा नाही. आणि कोरे अर्ज ठेवलेल्या सार्वजनिक फोल्डरमध्ये लोकांनी भरून पाठवलेले अर्ज कधीही ठेवू नका. 'सार्वजनिक' हा शब्द फक्त कोऱ्या अर्जाला लागू आहे.