प्रतिसाद: क्यूआर कोडपेक्षा इथले म्हातारे बघा

चीनमधल्या रोजच्या जगण्याबद्दलच्या या चर्चेत क्यूआर कोड स्कॅन करून मोबाइलने पैसे देण्यावर बरंच लिहून झालंय, पण मला शांघायमध्ये राहताना जास्त जाणवतात ते इथले आजी-आजोबा. संध्याकाळी जेवणं उरकली की पार्कात नाहीतर मॉलसमोरच्या मोकळ्या जागेत चाकांचा स्पीकर लावून बायका ओळीने नाचत असतात, अगदी मन लावून, नवी कोणी आली तर मागच्या ओळीत उभी राहून बघून बघून शिकते, तिला कोणी काही विचारत नाही. सकाळी याच बायका नातवंडांना शाळेत सोडताना दिसतात कारण आईबाप दोघंही नोकरीला. हे जमतं कारण बायकांचं रिटायरमेंटचं वय कारखान्यात ५० आणि ऑफिसात ५५ होतं, २०२५ पासून ते हळूहळू ५५ आणि ५८ वर नेतायत, मग पुढे पोरं कोण सांभाळणार याची मला खरंच काळजी वाटते. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी नातवासाठी हुनान प्रांतातून आल्यात, आजोबा शेती बघायला गावीच राहिलेत. दोघांचं रोज वीचॅट या चिनी मेसेजिंग अॅपवर व्हिडिओ कॉलने बोलणं, तेही लिफ्टमध्ये, मोठ्या आवाजात, जेवलात का इथपासून सुरुवात. या अशा ताटातुटीबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, लिहायला पाहिजे.