जेईई ॲडव्हान्स्ड : एक वर्षाआड पेपर अवघड येतो हे खरं आहे का?

मानवतकर

नमस्कार मंडळी. माझं मानवतला कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी लातूरला बारावीला आहे, दोघींसोबत खोली घेऊन राहते, जेवण मेसचं. जानेवारीत जेईई मेन, आणि तिथे निभावलं तर मेमध्ये ॲडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीच्या प्रवेशाची परीक्षा.

रविवारी संध्याकाळी फोन आला तर आवाज बसलेला. ॲडव्हान्स्डच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ३६० पैकी ७१ आले म्हणाली. मी म्हटलं, होतं कधी कधी. तर म्हणते, "पप्पा, तुम्हाला कळत नाही. २०२४ चा पेपर सोपा होता, २०२५ चा अवघड. एक वर्षाआड असतं. आता माझ्या वर्षी सोपा येणार, कटऑफ वर जाणार आणि माझं राहून जाणार." तिच्या खोलीतली एक मुलगी म्हणते पेपर दरवर्षी अवघडच होत चाललाय. दुसरी म्हणते कोणत्या आयआयटीकडे परीक्षा आहे त्यावर सगळं ठरतं. कानपूर आलं की अवघड, मद्रास आलं की सोपा.

मी बी.ए. झालेला माणूस. भौतिकशास्त्रात लेकीला माझी मदत नाही. पण हिशेब मला कळतो. दुकान बंद केल्यावर बसून दहा वर्षांचे खुल्या यादीचे कटऑफ, म्हणजे यादीत यायला लागलेले किमान गुण, वहीत उतरवले :

२०१६ : ३७२ पैकी ७५
२०१७ : ३६६ पैकी १२८
२०१८ : ३६० पैकी ९० (आधी १२६ होता, मग खाली आणला)
२०१९ : ३७२ पैकी ९३
२०२० : ३९६ पैकी ६९
२०२१ : ३६० पैकी ६३
२०२२ : ३६० पैकी ५५
२०२३ : ३६० पैकी ८६
२०२४ : ३६० पैकी १०९
२०२५ : ३६० पैकी ७४

यात मला एक वर्षाआडचं काही दिसत नाही. २०१९ ते २०२२ उतरतच गेलाय, मग दोन वर्षं चढलाय, मग एकदम पडलाय. आणि मेनचं तर वेगळंच. तिथे खुल्या गटाचा कटऑफ २०२१ ला ८७.८९ पर्सेंटाइल होता, २०२४ ला ९३.२३ झाला. मग मेन सोपी होत चालली का?

जाणकारांनी सांगावं. येत्या रविवारी तिला काहीतरी खरं सांगायचं आहे. नुसतं "होईल गं सगळं नीट" आता तिला चालत नाही.

खानदेशी

काका, मला २०२४ ला ९६ होते. कटऑफ १०९. रिपीट केलं आणि २०२५ ला १४८ आले, आता धनबादच्या आयआयटीत आहे. तेच ९६ मला २०२५ ला पडले असते तर यादीत आलो असतो, हे खरंय. पण परीक्षेच्या आधी यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि हॉलमध्ये बसल्यावर तर पेपर सोपा आहे की अवघड हे मला दोन्ही वर्षी कळलं नाही. २०२४ ला बाहेर येऊन मित्राला म्हणालो होतो, लय अवघड होता. सर कोणी असतील तर सविस्तर सांगतील.

गोदाकाठ

दादा, तुमची वही बघून फार बरं वाटलं. चोवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय नांदेडला, पालकाने स्वतः आकडे मांडून प्रश्न विचारला असं क्वचित होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेनचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मेनमधून ॲडव्हान्स्डला सगळे गट मिळून अडीच लाख मुलं पाठवायची, हा आकडा तुमच्या वहीतल्या मेनच्या दोन्ही वर्षी तोच आहे. परीक्षा देणारी मुलं मात्र वाढली. २०२२ ला नऊ लाखांच्या आसपास मुलं बसली, २०२४ ला चौदा लाखांवर. एसटीत जागा तेवढ्याच आणि स्टँडवरची गर्दी दीडपट झाली, तर बसायला मिळणारा रांगेत जास्त पुढे असावा लागणारच. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. तिच्यावरून पेपर कसा होता हे कळत नाही. पेपरच्या बाजूने बदललं ते एवढंच, की कोविडच्या काळात दहातले पाच न्यूमेरिकल (उत्तर आकड्यात द्यायचे प्रश्न) निवडून सोडवायची सोय आली होती, ती २०२५ पासून गेली. आता पंच्याहत्तरच प्रश्न, पंच्याहत्तरही सोडवायचे. ज्यांचा एखादा धडा कच्चा आहे त्यांना हे जाणवतं.

आता ॲडव्हान्स्ड. इथे कटऑफ गुणांत असतो, त्यामुळे पेपरचा थोडाफार अंदाज त्यातून येतो. पण थोडाफारच. तुमच्या वहीतलं २०२१ बघा. कटऑफ ६३, म्हणजे तुम्ही म्हणणार भयंकर पेपर. पण त्याच वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलाला ३६० पैकी ३४८ होते! २०२२ ला कटऑफ ५५ आणि पहिल्याला ३१४. पेपर वरच्या मुलांना सोपा आणि मधल्यांना अवघड असू शकतो. आणि त्या दोन वर्षांतली लेकरं कोण होती? २०२२ ला बसलेल्यांची अख्खी अकरावी घरात मोबाइलसमोर गेली. माझ्याकडे त्या बॅचची मुलं आली तेव्हा मुक्त वस्तूची आकृती (वस्तूवरची बलं बाणांनी दाखवतात ती) काढताना कुठला बाण कुठे लावायचा तिथे अडत होती, आणि ती हुशार मुलं होती. कटऑफ पडला त्यात पेपरचा वाटा किती आणि त्या दोन वर्षांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या मते दोन वर्षांचा वाटा बराच होता.

२०१८ चं तुम्ही कंसात लिहिलंय, तेही लेकीला सांगा. पहिल्यांदा लावलेल्या कटऑफने १८,१३८ मुलंच यादीत आली. जागांच्या मानाने यादी फार तोकडी पडली, केंद्राच्या मंत्रालयाने सांगितलं की जागांच्या दुप्पट तरी मुलं हवीत, मग कटऑफ १२६ वरून ९० वर आणला आणि यादी ३१,९८८ वर गेली. पेपर तोच, उत्तरपत्रिका त्याच. म्हणजे कटऑफ ही पेपरमधून आपोआप निघणारी गोष्ट नाही, यादी किती लांब हवी त्यावरूनही ती ठरते.

कानपूर-मद्रासचं म्हणाल तर मुलींनी बघितलंय बरोबर. २०१७ आणि २०२४ मद्रासकडे होतं, दोन्ही वेळा कटऑफ वर. २०१८ आणि २०२५ कानपूरकडे, दोन्ही वेळा खाली. पण सात वर्षांनी पाळी येते, प्रत्येकाचे हाताशी दोनच दाखले. तुम्ही दुकानात दोन शेतकऱ्यांचा अनुभव ऐकून बियाणं चांगलं की वाईट ठरवाल का? पुढची पाळी रुरकीची आहे, त्यांनी २०१९ ला घेतली तेव्हा कटऑफ ९३ होता. त्यावरून २०२६ चं मी काही सांगणार नाही. कोणी सांगत असेल तर त्याचा व्हिडिओ बंद करायला सांगा.

आता मला जे खरं वाटतं ते. "अवघड" हा शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात. माझ्या डोळ्यांदेखत तो अर्थ बदलला. २००५ पर्यंत मुख्य पेपरात पायऱ्यांसह उत्तर लिहायचं, अर्ध्यापर्यंत बरोबर गेलात तर अर्धे गुण पदरात. २००६ पासून सगळं वस्तुनिष्ठ झालं. आता एका प्रश्नाचे दोन-तीन पर्याय बरोबर असू शकतात, सगळे ओळखले तर चार गुण, त्यातले काही मोजकेच ओळखले तर थोडे, आणि एक जरी चुकीचा धरला तर उणे दोन. अवघडपणा गणितातून सरकून निर्णयात गेला : हात घालायचा की सोडायचा.

एक उदाहरण देतो, लेकीला फोनवर वाचून दाखवा. भरीव गोळा एच उंचीच्या उतारावरून न घसरता घरंगळत खाली येतो, तळाशी वेग किती? हे सगळ्यांना पाठ असतं : वेगाचा वर्ग १०/७ जीएच (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण). मेनमध्ये असंच येतं. आता उतार अर्ध्या उंचीपर्यंत खडबडीत ठेवा आणि त्याच्या खाली एकदम गुळगुळीत, घर्षण शून्य. तळाशी वेग किती? यात सूत्र नवीन एकही नाही. पण मुलं १०/७ लिहून पुढे जातात. अर्ध्या उंचीला वेगाचा वर्ग ५/७ जीएच झाला. त्यापुढे घर्षण नाही, म्हणजे गोळ्याचं स्वतःभोवती फिरणं वाढवणारं कोणी उरलं नाही. ते होतं तेवढंच राहतं आणि पुढची सगळी ऊर्जा नुसती पळण्यात जाते. आणखी एक पूर्ण जीएच मिळतो, एकूण १२/७. मुलांना मी विचारतो, घर्षण काढलं तर वेग वाढला, हे कसं? ज्याच्या डोक्यात हा प्रश्न दोन मिनिटं राहतो, तो पोरगा ॲडव्हान्स्डला तयार होतोय असं मी धरतो. पेपर सोपा असो की अवघड, हे त्याच्याजवळच राहतं.

आणि ७१ चं. ते २०२२ ला यादीत होते, २०२५ ला तीन गुणांनी बाहेर, २०२४ ला बरेच बाहेर. त्यावरून काहीच ठरत नाही. तिला एवढंच विचारा, मिळवलेले किती आणि उणे किती? गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी ६२ वर अडली होती. मांडून बघितलं तर मिळवलेले ९८, घालवलेले ३६. पुढची चार मॉक तिला नवीन काही शिकवलं नाही, फक्त खात्री नसलेल्या पर्यायावरून बोट उचलायला लावलं. आणि प्रत्येक विषयाचाही वेगळा किमान कटऑफ असतो, तेव्हा एका विषयावर भार टाकून चालत नाही.

२०१६ ला हिंगोलीचा एक मुलगा दुसरा पेपर देऊन बाहेर आला आणि फूटपाथवर बसून मला फोन केला, "सर, घरी कसं सांगू?" आठ दिवस त्याने उत्तरतालिका उघडली नाही. शंभराच्या थोडे वर होते त्याला. कटऑफ ७५. ते आठ दिवस त्याच्या आईने कसे काढले ते मी बघितलंय. म्हणून एवढं लिहिलं.

नाशिकची_आई

सरांचं पटलं. एकच जोडते : सीईटी, म्हणजे राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची परीक्षा, विसरू नका. माझ्या मुलाने जेईईच्या नादात ती गृहीत धरली. तिथला प्रकार उलटा आहे, प्रश्न सरळ असतात पण वेळ पुरत नाही. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही सोडायचा नाही. म्हणजे सर वर सांगतायत ती सोडून द्यायची सवय तिथे नडते! सीईटीच्या आधी आठ-दहा पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगा. अकरावीचा भाग २० टक्के असतो, तोही.

मानवतकर

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमचं सगळं मी रविवारी तिला वाचून दाखवलं, अर्धा तास लागला. ७१ चा हिशेब तिने तिथल्या तिथे केला : मिळवलेले १०३, घालवलेले ३२. त्यातले वीस एकट्या रसायनशास्त्रात. थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "पप्पा, हे मी कधी मांडूनच बघितलं नव्हतं."

गोळ्याचा प्रश्न मी उत्तर न सांगता वाचला. आधी म्हणाली दहा-सप्तमांश. मी तुमच्यासारखं गप्प राहिलो. मग पलीकडून कागदाचा आवाज, आणि खोलीतल्या दुसऱ्या मुलीला विचारतेय, "अगं, घर्षण नसेल तर ओमेगा, फिरण्याचा वेग, बदलणार कसा?" फोन चालूच ठेवून दोघींची चर्चा चालली होती. मी तसाच कानाला लावून बसलो.

सर, एक शेवटचं विचारतो. आम्ही ओबीसी आहोत. नॉन क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र तहसीलमधून काढलेलं आहे, गेल्या वर्षीचं. तेच चालेल का?

गोदाकाठ

नाही चालणार दादा. ॲडव्हान्स्डला त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर दिलेलं लागतं, आणि केंद्राच्या नमुन्यातलं. राज्याच्या प्रवेशासाठी काढतो ते वेगळं. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका, कारण तेव्हा सगळ्यांचीच गर्दी होते. जातीचा मूळ दाखला आणि उत्पन्नाचे कागद आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच हवं, ते अर्ज भरताना स्वतः बघा, ऑपरेटरवर सोडू नका.