लंडन ते न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाण्यायेण्याच्या वेळेत फरक का?

प्रश्न:
लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर हा प्रवास सव्वासहा तासांच्या आत संपायला हवा. वेळापत्रकात मात्र जाताना साधारण आठ तास आणि येताना साधारण सात तास दाखवलेले असतात. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे हा फरक पडतो का? शिवाय नकाशावर विमानाचा मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो. सरळ गेल्यास वेळ वाचणार नाही का?

पहिले उत्तर:
मार्ग वाकलेला दिसतो तो सपाट नकाशामुळे. पृथ्वीच्या गोलावर लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो आयर्लंड आणि न्यूफाउंडलंडच्या बाजूनेच जातो, आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. नकाशावरच्या सरळ रेषेने गेल्यास उलट दोनशेहून अधिक किलोमीटर जास्त कापावे लागतील.

दुसरे उत्तर:
पृथ्वीच्या फिरण्याने विमानाला थेट फायदा किंवा तोटा होत नाही, कारण वातावरणही तिच्याबरोबरच फिरत असते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात तो अधिक जोमात असतो. विमानाचा ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला आहे, जमिनीच्या तुलनेतला नव्हे, आणि माझ्या मते या प्रश्नाचे खरे मर्म इथेच आहे. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८०० राहतो आणि तेवढ्याच अंतराला सुमारे ६ तास ५५ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीमागून आला, तर ५ तास ३२ मिनिटे पुरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण ज्या हवेतून ते उडत होते ती हवाच वेगाने पुढे सरकत होती.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून निघतो, असे समजावे का?

दुसरे उत्तर देणारे:
नाही. वरचेच आकडे घ्या: वारा नसताना जाऊन येऊन १२ तास १९ मिनिटे होतात, वारा असताना १२ तास २८ मिनिटे. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकते, त्यामुळे तोटा फायद्यापेक्षा मोठा ठरतो. म्हणूनच मार्ग आखताना जाणारी विमाने शक्यतो हा पट्टा टाळतात आणि येणारी त्याचा आधार घेतात. त्यासाठी जवळच्या मार्गापेक्षा काही किलोमीटर जास्त उडणेही परवडते.

तिसरे उत्तर:
यात एक भर घालतो. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे रांगेत थांबणे, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग, हे सगळे त्यात येते. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात. न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर लंडनच्या ५ तास मागे असते, परंतु घड्याळे बदलण्याच्या तारखा दोन्ही देशांत वेगळ्या असल्याने मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काही दिवस हा फरक ४ तासांचा होतो. त्या दिवसांत वजाबाकी करताना हे ध्यानात ठेवावे.